डाख देणाऱ्या हातांचे आभार

कोकणातल्या शूटिंगला बूम माईक (लांब दांडीवरचा माईक) खरखरायला लागला, तेव्हा धावून आलेल्या सगळ्यांची नावं मला ठाऊक नाहीत. फोनवर एका दादांनी बजावलं, "माईक उघडू नका, आधी केबल बघा." तसंच निघालं! एक्सएलआरच्या, म्हणजे केबलच्या तीन पिनांच्या कनेक्टरच्या, १ नंबरच्या पिनवरची शील्ड (आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण) सुटली होती. ती लागत-तुटत राहिली की माईकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच येणारी वीज, नीट मिळत नाही. २ आणि ३ नंबरच्या पिना शाबूत असून उपयोग शून्य. गावातल्या मंडपवाल्याच्या पोराने न मागता सोल्डरिंग गन आणली, डाखही असा दिला की कंपनीवाल्याने लाजावं. चहासुद्धा त्यानेच पाजला. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या, लॅमिंग्टन रोडच्या काकांनी नवे कनेक्टर उधारीवर धाडले. मंडळी, मनापासून आभार. काका, पैसे पाठवतोय.