बाळू, फोनवर न झालेलं बोलणं

चि. बाळू,
अनेक आशीर्वाद.

लेकरासाठी तुमचे उपचार चाललेत, पण फोनवर तू हा विषय निघू देत नाहीस, म्हणून लिहायले.

येळवसेला शेतात आलात, आंबील-भज्जी झाली, पण दिवसभर तुमचं दोघांचं बोलणं म्हणजे गोळीची वेळ आणि सोनोग्राफीची तारीख. सूनबाईनं माझ्याजवळ चकार शब्द काढला नाही, उगा तिच्यावर राग धरू नको. माझा जन्म सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून गेला. अशी जोडपी मला लांबूनच ओळखू येतात.

पाळीचा आज अकरावा दिवस, आज तेरावा, असं मोजून जवळ जायचं म्हटलं की शरीर ऐकत नाही. पुरुषाचं तर ऐन त्याच रात्री अडतं. मग तो दुकान उशिरा बंद करायला लागतो. तिला वाटतं, हा मला टाळायलाय. त्याला वाटतं, हिला मी कशाला पाहिजे, लेकरू पाहिजे. कुणीच विचारत नाही, आणि हळूहळू साधा हात धरला तरी त्यात तारीख दिसायला लागते. आई असून हे लिहिते म्हणून लाजू नको. नर्सला कसली लाज!

स्त्रीबीज बाहेर पडल्यावर जेमतेम एक दिवस टिकतं, पण शुक्राणू आत पाच दिवसांपर्यंत जगू शकतात. म्हणून एकाच रात्रीवर सगळा जीव टांगू नका. दिवसाआड जवळ आलात तरी पुरतं. डॉक्टरनी स्त्रीबीज बाहेर पडायच्या इंजेक्शननंतर वेळ दिली तर तेवढी पाळा, बाकीचा महिना तुमचा.

आता तुझी तपासणी. तिच्या गर्भनळ्या तपासून झाल्या, रक्त झालं. तुझं अजून ‘बघू’च चाललंय. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण सापडतं, आणि त्याचा मर्दपणाशी काही संबंध नसतो. दोन ते सात दिवस वीर्य बाहेर न जाऊ देता त्याचा नमुना द्यायचा. रिपोर्ट खराब आला तर पुन्हा करायचा. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, मधल्या तापानंही फरक पडतो. तंबाखू मात्र आजच बंद.

आत्या तुळजापूरचा नवस बोला म्हणायली. दर्शनाला जरूर जा, पण एकट्या सुनेनं उपास धरायचे हे मला चालणार नाही. पुढच्या महिन्यात धाकटीचं डोहाळजेवण आहे. हिनं ओटी भरावी का, यावर कुजबुज चाललीय. पहिली ओटी हीच भरणार, असं मी सांगून टाकलंय. तिचं मन नसेल तर मात्र येऊ नका, इथलं मी बघते. त्या दिवशी दोघं वेरूळला जा नाहीतर औंढ्याला, पण ती दवाखान्याची फाईल सोबत नेऊ नका.

तुझी,
आई