टायर नवे घातले अन् रिमचे बारा वाजले

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात खड्डे, सिमेंट रोड, नळाचं पाणी यावर रोज पत्रं येतात, मी सगळी वाचतो, पण हा विषय कोणी लिहिलेला दिसला नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं. विषय असा की टायर बदलायला गाडी दुकानात द्यायची, टायर नवे पण रिम खराब घेऊन घरी यायचं, आणि वरून ऐकून घ्यायचं की काका हे तर पहिलेचंच होतं. माझ्यासोबत हे दसऱ्यानंतरच्या रविवारी झालं. दुकानाचं नाव लिहीत नाही, एक तर भानगड अजून मिटायची आहे अन् दुसरं म्हणजे चार जणांशी बोललो तर चौघांची दुकानं वेगळी पण गोष्ट हीच निघाली.

गाडी सहा वर्षांची, टायरही तेवढेच जुने. टायरच्या खाचांमधे मधे मधे जे छोटे उंचवटे असतात ना, ते वरच्या रबराच्या लेव्हलला आले होते, म्हणजे खाच १.६ मिलिमीटरवर आली, त्याखाली गेलं की कायद्यानंच टायर बाद. पोरगी नाशिकला असते, दिवाळीत समृद्धीनं जायचं ठरलं होतं, अन् तिथं १२० च्या स्पीडला तापलेल्या रोडवर घासलेला टायर फुटला की काय होते हे नागपूरच्या माणसाला सांगायची गरज नाही. त्यात २२ सप्टेंबरपासून टायरवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला होता, म्हणून मी मुद्दाम थांबलो होतो, तेवढेच दोन पैसे वाचतील. वाचले पण. मग ते कुठं गेले ते पुढं येतेच.

रविवारी सकाळी दुकानात गर्दी होती. मालकानं भाव सांगितला, बिना बिलाचं घेतलं तर अजून कमी करतो म्हणाला, मी म्हटलं नाही भाऊ, पक्कं बिल पाहिजे. (हे एक काम मी शहाण्यासारखं केलं, बाकी सगळा येडेपणाच आहे.) टायरवरचा चार आकडी नंबर बघून घेतला, पहिले दोन आठवड्याचे अन् नंतरचे दोन वर्षाचे, माल ताजा होता. मग गाडी आत घेतली अन् मालक म्हणाला काका पाऊण तास लागते, समोर तर्री पोहे मस्त भेटते, खाऊन या. मी गेलो. इथंच चुकलो. हिंगणा एमआयडीसीत बावीस वर्षं लेथ मशीनवर धातू कापत काढलेला माणूस, दुसऱ्याच्या हाती काम देऊन पोहे खायला जातो, माझं मलाच आता हसू येते. परत आलो तोवर गाडी तयार, टायरला पॉलिश मारून काळंकुळकुळीत केलेलं, पाहून खूश झालो, पैसे दिले अन् निघालो. रिमकडे वाकून पाहिलंच नाही.

सोमवारी सकाळी फडक्यानं पुसत होतो तर बोटाला धार लागली. पाहतो तर समोरच्या डाव्या चाकाच्या रिमच्या कडेला खाच, अॅल्युमिनियम उघडं पडलेलं. थोडं पुढं दुसरी. मग तिसरी, चौथी. उजवीकडं गेलो तिथं पण चार. मागं पण चार अन् चार, आणि मागच्या उजव्या रिमला वरून एक लांब कापल्यासारखा घाव. आमचे अलॉय, म्हणजे अॅल्युमिनियमचे रिम, डायमंड कट आहेत म्हणजे समोरचा चेहरा मशीननं कापून चकचकीत केलेला असते अन् त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर. हा थर एकदा फुटला की पाणी आत शिरते अन् खालून पांढरे पांढरे डाग सरकत जातात, वरून कितीही पुसा जात नाही. आपल्याकडच्या दोन पावसात रिम कोड झाल्यागत दिसायला लागते.

आता माझं डोकं लेथवाल्याचं. खाच पाहिली की ती कशानं पडली हे आधी डोक्यात येते. घरातून सुतळी आणली, रिमच्या कडेभोवती एक वेढा दिला, तेवढीच कापली, चारात दुमडून घड्यांवर पेननं खुणा केल्या अन् परत रिमवर लावली. चारही खुणा चारही खाचांवर. टायर उतरवायच्या मशीनला फिरती थाळी असते अन् तिच्यावर चार जबडे, आमच्या लेथच्या फोर-जॉ चकसारखेच, ते रिमला कडेनं धरतात. या जबड्यांवर प्लास्टिकचे कव्हर असतात, अलॉय धरताना लोखंड थेट लागू नये म्हणून. आमच्याकडं फिनिश झालेला जॉब चकमधे धरायचा असला की जबड्याखाली तांब्याची पट्टी द्यायची हे आयटीआयतून आलेल्या पोट्ट्याला पहिल्या महिन्यात शिकवतात, ही तीच गोष्ट आहे, काही रॉकेट उडवायचं नाही. शिवाय सहसा रिमचा दिसणारा चेहरा वर ठेवून टायर चढवतात, म्हणजे जबडे मागच्या कडेला लागतात, तिथं ओरखडा गेला तरी कोणाला दिसत नाही. माझे चारही रिम पालथे टाकले असल्याशिवाय समोरच्या कडेला चार-चार चावे कसे येतील सांगा. तो लांब घाव टॉमीचा, म्हणजे टायर काढायच्या लोखंडी पट्टीचा. टायरची कड आत ढकलायला मशीनचा हात वापरायचा सोडून टॉमी घालून जोर लावला की ती सटकते. अन् एक राहिलंच, बॅलन्सिंगची वजनं, चाक फिरताना थरथरू नये म्हणून लावतात ती. अलॉयला आतून चिकटवायची पट्टीची वजनं लावतात, यांनी मागच्या दोन चाकांना क्लिपवाली, हातोडीनं कडेवर ठोकलेली.

दुकानात गेलो. मालक आधी गोड बोलला, मग रिम पाहिले अन् एकदम हिंदीवर आला. अंकल, ये तो पहले से था. आपने फूटपाथ पे घिसा होगा. मी म्हटलं भाऊ, फूटपाथ डाव्या हाताला असते, आपण डावीकडून गाडी चालवतो, उजव्या चाकांना फूटपाथ कुठून घासला? अन् फूटपाथचा ओरखडा कडेकडेनं लांब खरवडत जाते, बरोबर चार जागी मोजून चावत नाही. सुतळी दाखवली. तो सुतळीकडं असा पाहत होता जसं मी जादूटोणा करून राहिलो. मग म्हणाला चला मशीन दाखवतो, आमचं मशीन एकदम नवीन आहे. मशीनजवळ गेलो तर चारपैकी तीन जबड्यांवर प्लास्टिक नव्हतंच, चौथ्यावर होतं ते पण अर्धं. मी काही बोललो नाही. काम करणारा पोट्टा असेल अठरा-एकोणीसचा, तो खाली पाहून हळूच म्हणाला, प्लास्टिक तर कधीचंच गेलं साहेब, मालकाले सांगतलं होतं. झालं, मालकाचा पारा चढला, माझ्यावर नाही, पोट्ट्यावर. याच्या पगारातून कापतो म्हणाला, बरोबर करतो तुमचं काम.

मला खरं वाईट इथं वाटलं. ते चार प्लास्टिकचे तुकडे किती स्वस्त असतात ते टायरवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत. ते बदलायचे नाहीत, पोट्ट्याला एकदाही धड शिकवायचं नाही, रविवारी रांग लागली की लवकर लवकर म्हणून ओरडायचं, अन् रिम चावला की पोट्ट्याच्या पगारातून. मी तिथंच सांगून टाकलं की पैसे दुकानानं द्यायचे, याच्या पगारातला एक रुपया मला नको.

आता पुरावा. दसऱ्याला म्हणजे गुरुवारी २ तारखेला गाडीची पूजा झाली, आमच्या सौ.नी झेंडूचा हार घातला, समोरच्या डाव्या चाकाखाली लिंबू ठेवलं अन् त्या लिंबाचा अगदी जवळून फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. मी तेव्हा म्हटलं पण होतं, लिंबाचा काय फोटो काढते. त्या फोटोत रिम पूर्ण दिसते, एक ओरखडा नाही, तारीख वेळ सगळं मोबाइलमधे. मालकाला दाखवला तर म्हणाला ठीक आहे, या एकाचं पाहू, बाकी तिघांचा फोटो आहे का? घ्या! चारही रिमवर तेच माप, तशाच खाचा, तोच दिवस, अन् तीन रिमसाठी वेगळं लिंबू पाहिजे.

रिपेअरचं पण विचारून ठेवलं. डायमंड कट रिमवर नुसती पुट्टी अन् सिल्व्हर पेंट मारला तर ठिगळ लांबूनच दिसते. नीट करायचं तर सीएनसी म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या लेथवर चेहरा पुन्हा कापावा लागते अन् वरून लॅकर. एका रिमचे मला तीन हजार सांगितले, म्हणजे चाराचे बारा. जीएसटीत वाचले त्याच्या कितीतरी वर. अन् प्रत्येक वेळी कापलं की थोडी धातू जाते, त्यामुळं हे काही दरवर्षी करायचं काम नाही, मी स्वतः लेथवाला म्हणून सांगतो. वाकलेला किंवा तडा गेलेला रिम असेल तर कोणी गॅसनं तापवून सरळ करून देतो म्हटलं तरी देऊ नका, अॅल्युमिनियम तसं तापवलं की त्याची ताकद जाऊ शकते अन् मग समृद्धीवर ते चाक म्हणजे तुमचं नशीब. माझ्या रिमला नशिबानं तडा नव्हता, टायर बसते त्या कडेला पण खाच नव्हती, नाहीतर हवा हळूहळू निघत राहिली असती अन् मी ट्यूबलेस पंक्चरवाल्याकडं चकरा मारत बसलो असतो.

मालकानं शेवटी बिल काढलं अन् खालची बारीक ओळ दाखवली, अलॉय रिमला ओरखडा गेल्यास दुकान जबाबदार नाही. मी ते बिल वकिली करणाऱ्या भाचीला पाठवलं. ती म्हणाली मामा, अशी ओळ छापली म्हणून निष्काळजीपणा माफ होत नाही. आपली वस्तू कामासाठी दुसऱ्याच्या ताब्यात दिली की एखादा शहाणा माणूस स्वतःची वस्तू जेवढी जपेल तेवढं त्यानं जपायचं असते, हे १८७२ च्या करार कायद्याचं कलम १५१ आहे, म्हणजे टायरच काय इथं मोटार यायच्या आधीपासूनचं. अन् ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मधे सेवेतली त्रुटी ही तक्रार होतेच, दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. पण आधी १९१५ ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन लाव अन् दुकानाला लेखी दे. तोंडी भांडू नको, मामा, तू भांडतो तेव्हा मुद्दा सोडून देतो. (हे तिचं खरं आहे.)

१९१५ ला तक्रार नोंदवली, दुकानाला स्पीड पोस्टानं पत्र दिलं, सोबत बिलाची कॉपी, लिंबाचा फोटो, खाचांचे फोटो शेजारी स्केल ठेवून, अन् सीएनसीवाल्याचं कोटेशन. आठवड्याभरात मालकाचा फोन, मराठीत. दोन रिम करून देतो काका, तो लिंबूवाला अन् तो टॉमीवाला, बाकी दोनचं माझ्याकडून होत नाही. मी म्हटलं दोन तर दोन, आत्ता करून दे, पण बाकी दोन सोडले असं मी कुठंही लिहून देणार नाही. दिवाळीच्या आत दोन झाले, चांगले झाले, खोटं कशाला बोलू. क्लिपची वजनं काढून चिकटवायची पण लावून दिली. नाशिकला जाऊन आलो, गाडी एकसारखी चालली, फक्त दोन्ही बाजूंना एक चाक नवरदेव अन् एक वऱ्हाडी.

साहेब, माझं मागणं लहान आहे. गाडी जॅकवर घ्यायच्या आधी दुकानदारानं अन् गिऱ्हाईकानं मिळून चारही रिमचे फोटो काढावे, आधीचा ओरखडा असेल तर जॉब कार्डावर लिहून दोघांनी सही करावी. पाच मिनिटांचं काम आहे. यात दुकानदाराचाही फायदा, कारण फूटपाथला घासलेले रिम घेऊन येणारे अन् नंतर दुकानाच्या नावानं ओरडणारे पण आहेतच, नाही असं नाही. अन् ज्या टायर कंपन्यांचे मोठमोठे बोर्ड या दुकानांवर लागले असतात त्यांचे माणसं टार्गेट विचारायला महिन्याला येतात म्हणे, तेव्हा मशीनच्या जबड्यांकडं पण एक नजर टाकत जा म्हणावं. वाचकांना एवढंच की तर्री पोहे नंतर खा, कुठं पळून जात नाही. मशीनजवळ उभं राहू देत नसतील तर काचेतून पहा, अन् पैसे द्यायच्या आधी रिमच्या कडेवरून बोट फिरवा, डोळ्यापेक्षा बोटाला लवकर समजते. टायरचं पॉलिश चमकत असते ना, त्यात खाच दिसत नाही.

मागच्या आठवड्यात त्या दुकानासमोरून गेलो, पोट्टा दिसला, त्यानं हात केला. गाडी थांबवली तर म्हणाला काका, जबड्याले नवीन प्लास्टिक लागले, चारही. मी विचारलं पगार कापला का रे. नाही म्हणाला, आत पाहिलं अन् पुन्हा एकदा नाही म्हणाला. दोन वेळा काऊन म्हणाला ते मला समजलं नाही.

बाकीच्या दोन रिमचं आयोगात टाकायचं की नाही हे अजून ठरलं नाही, मुदत आहे, भाची म्हणते टाक, सौ. म्हणतात पुरे झालं. पत्र छापलं तर कृपया नाव छापू नका, दुकान आमच्या घरापासून दोनच चौक आहे अन् पंक्चर कधीही होऊ शकते.

आपला,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर