शाल-श्रीफळ पुरे, विद्यापीठात एक खोली द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयात ऊसतोड कामगारांमध्ये काम करणाऱ्या एका ताईंना व्याख्यानाला बोलावले होते. येताना त्यांनी पिशवीभर वह्या आणल्या. कोणत्या कोयत्याने, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीने, किती उचल (आगाऊ रक्कम) घेतली, किती खाडे कापले गेले, मुकादमाशी बोलणी कुठे फिसकटली, असा वीस हंगामांचा हिशेब. ताई तासभर बोलल्या, शाल-श्रीफळ झाले. मग मानधनाचे व्हाउचर आले. 'शैक्षणिक पात्रता काय लिहू?' कारकुनाने विचारले. 'सातवी,' ताई म्हणाल्या. मानधनाच्या दरपत्रकात सातवीला रकानाच नव्हता! तो प्रश्न कसाबसा सुटला, पण वह्या कोणी उघडल्याही नाहीत.

हे आठवायचे कारण 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस', म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या अनुभवावर नेमायचे प्राध्यापक. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार मंजूर पदांच्या 10 टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात आणि त्यांना पदवीची अट नाही. क्षेत्रांच्या यादीत सामाजिक शास्त्रे आहेत, साहित्यही आहे. वाचून आनंद झाला. पण पुढे 15 वर्षांचा अनुभव हवा, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. चळवळीत वरिष्ठ पातळी म्हणजे कोणती? शिवाय पैसा द्यायचा उद्योगांनी किंवा संस्थेने स्वतःच्या निधीतून, नाहीतर काम मानद. ऊसतोड संघटनेच्या कार्यकर्तीला कोणता कारखाना पुरस्कृत करणार? उरले मानद, म्हणजे मानधन संस्थेच्या मर्जीवर.

आपल्याकडे चळवळीतल्या माणसांनी मोलाचे संशोधन केले, ते बहुधा पदरमोड करून. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक 1989 मध्ये आणले. ऊर्मिलाताई तेव्हा सरकारी नोकरी करत होत्या. धुळ्याच्या कॉ. शरद पाटील यांनी पक्ष चालवत, आदिवासींमध्ये काम करत पाणिनी अभ्यासला. उलट वाटेने आलेल्या गेल ऑम्वेट. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाची पीएच.डी. घेऊन त्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात राहिल्या आणि चळवळीत राहूनच लिहीत गेल्या. चळवळ आणि विद्यापीठ यांच्यातली अशी येजा व्यक्तीच्या जिद्दीवर किती काळ सोडायची?

म्हणून सुचवते, प्रत्येक विद्यापीठाने दरवर्षी दोन-तीन कार्यकर्त्यांना सहा महिने ते वर्षभर निवासी म्हणून बोलवावे. अतिथिगृहात खोली, ग्रंथालयाचे कार्ड, सहायक प्राध्यापकाइतके मानधन आणि टिपणे काढायला एक संशोधक विद्यार्थी. शोधनिबंधाची सक्ती नको. गाण्यांचा संग्रह, बोलीचा कोश, आंदोलनाचा कागदपत्रांसह इतिहास, जे निघेल ते. मात्र ऊसतोडीवाल्यांना हंगामात बोलावू नका, दिवाळी ते उन्हाळा ती माणसे फडात असतात. आणि बदल्यात एखाद्या प्राध्यापकानेही एक सत्र संघटनेच्या कचेरीत काढावे. ते सेवाकाळात धरले जावे, नाहीतर कोणी जाणार नाही, हे मी प्राध्यापकी केली म्हणूनच सांगते.

सुरुवात जळगावपासून करता येईल. तिथल्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. अमरावतीला गाडगेबाबांचे. पाटीवर ज्यांची नावे मिरवतो, त्यांच्यासारखी माणसे आज फाटकातून कोणत्या पदावर आत येतील, एवढे कुलगुरूंनी सांगावे.

एक अट मात्र करारात आधीच लिहावी: वह्या ज्याच्या त्याच्याकडे राहतील, विद्यापीठाने फक्त प्रत ठेवावी. त्या ताईंच्या दोन वह्या पीएच.डी. करणाऱ्या कोणीतरी 'आठ दिवसांत देतो' म्हणून नेल्या होत्या. त्या अजून परत आलेल्या नाहीत.

– एक निवृत्त मराठी प्राध्यापिका, अंबाजोगाई