नागरिकत्वाची शपथ मोठ्यानं म्हणू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

प्रजासत्ताक दिनाच्या तयारीच्या बातम्या येऊ लागल्या आहेत, म्हणून हे पत्र. मागणी एकच आहे, ती आधी सांगते. जळगाव, धुळे, नंदुरबार या आपल्या जिल्ह्यांत वर्षभरात ज्यांना भारताचं नागरिकत्व मिळतं, त्यांना त्याचं प्रमाणपत्र २५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनाच्या कार्यक्रमात, चारचौघांसमोर द्यावं. आणि शपथ कागदावर सही करून न उरकता त्यांच्या तोंडून मोठ्यानं म्हणवून घ्यावी.

मी फैजपूरची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. २०२३ च्या एप्रिलमध्ये मुलाकडे अमेरिकेत, लॉवेलला गेले होते. मॅसॅच्युसेट्स राज्यातलं, मेरिमॅक नदीकाठचं, एकेकाळी कापडगिरण्यांवर वाढलेलं हे गाव. कंबोडियातून आलेली माणसं तिथं पुष्कळ. २०२२ साली महापौर झालेले सोखारी चाउ हेही लहानपणी निर्वासित म्हणून आलेले. मुलाच्या खालच्या मजल्यावर अशीच एक कंबोडियन बाई राहायची. वयानं माझ्याहून थोडी लहान. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं.

मी पोचले तेव्हा त्यांचं नवं वर्ष होतं. ते एप्रिलच्या मध्याला येतं, भाताची कापणी उरकून पाऊस लागायच्या आधी. आपली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्यानंतर थोड्याच दिवसांनी. तिनं सगळं घर धुऊन काढलं होतं आणि चिकट तांदळात केळं घालून, केळीच्या पानात गुंडाळून उकडायच्या वड्यांची तयारी चालली होती. पानं फ्रीजरमधली. पाकीट बर्फाच्या लादीसारखं कडक. ते पाण्यात सोडायचं, मग एकेक पान शीर न फाटू देता उलगडायचं, फडक्यानं पुसायचं. रावेर-यावलमध्ये जन्म गेलेल्या बाईला केळीचं पान पैसे मोजून, तेही गोठवलेलं, घेताना पाहणं जड गेलं. पान विस्तवावरून फिरवलं की मऊ पडतं, हे तिला सांगायला गेले तर तिनं आधीच गॅस पेटवला होता.

सणाबद्दल तिला विचारलं तेव्हा तिनं १९७५ चं नवं वर्ष सांगितलं. सण सरत होता आणि १७ एप्रिलला ख्मेर रूज या कंबोडियातल्या कम्युनिस्ट बंडखोरांनी राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली. शहरातली सगळी माणसं बाहेर काढून खेड्यांकडे हाकलली. ती तेव्हा शाळकरी पोर होती. पुढे जानेवारी १९७९ पर्यंत काळे कपडे, कालव्यांचं खोदकाम, भाताची पातळ पेज. सण बंद. भिक्खूंची चीवरं उतरवली. त्या राजवटीत उपासमार, आजार, कामाचा रगाडा आणि कत्तली यांत सुमारे सतरा लाख माणसं गेली. ती म्हणाली, त्या वर्षांत पाऊस आला म्हणजे लावणी आणि पाऊस गेला म्हणजे खोदकाम, याखेरीज ऋतू काही कळत नव्हता. नंतर ती चालत थायलंडच्या सीमेवर पोचली, खाओ-इ-डांगच्या छावणीत राहिली आणि तिथून अमेरिकेत आली.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात त्यांचेही पितरांचे पंधरा दिवस असतात. 'प्चुम बेन' म्हणतात. पहाटेच्या अंधारात विहाराभोवती भाताचे गोळे ठेवतात. आमच्याकडे आगारी टाकतात, म्हणजे पितरांच्या नावानं विस्तवावर नैवेद्य वाहतात, घास ठेवतात, ते मी तिला सांगितलं. तिच्या घरचे बरेच जण कधी गेले, कुठे गेले, हे तिला माहीत नाही. आपल्याकडे तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्रीला पान वाढतात. तिच्या घरी सगळ्यांचीच सर्वपित्री.

एवढी वर्षं राहूनही ती अमेरिकेची नागरिक झालेली नव्हती. ग्रीन कार्ड होतं. परीक्षा इंग्रजीत असते या भीतीनं ती अर्जच करत नव्हती. वय ५५ झालं असेल आणि ग्रीन कार्ड मिळून १५ वर्षं झाली असतील तर इंग्रजीची सूट मिळते, परीक्षा आपल्या भाषेत दुभाष्यामार्फत देता येते, हे तिला कुणी तरी उशिरा सांगितलं. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची. अधिकारी त्यातले दहापर्यंत विचारायचा, सहा बरोबर आले की उत्तीर्ण. गवती चहाच्या आणि मिरच्यांच्या बादल्यांना पाणी घालता घालता ती उत्तरं म्हणायची आणि नात हातात कागद धरून तपासायची. जन्मभर पाठांतर घेतलेली मी. इतकं मन लावून केलेलं पाठांतर क्वचितच ऐकलं असेल.

ती उत्तीर्ण झाली आणि उन्हाळ्यात शपथविधी झाला. मी गेले होते. मोठं सभागृह, मागे घरची मंडळी. दारातच ग्रीन कार्ड परत घेतात. हिनं ते द्यायच्या आधी पदरासारख्या शेल्यानं पुसलं. न्यायाधीश आले. एकेका देशाचं नाव पुकारलं, त्या त्या देशाची माणसं उभी राहिली. मग उजवा हात वर करून सगळ्यांनी एका सुरात शपथ म्हटली. हिचे उच्चार अडखळत होते, पण आवाज मला मागच्या रांगेत ऐकू येत होता. बाहेर मतदार नोंदणीचं टेबल होतं. फोटोसाठी नात ओढत होती, तरी ही आधी तिकडे गेली.

आता आपल्याकडचं. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं जळगावात वसली, त्यांची सिंधी कॉलनी सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे नातलग नंतरही येत राहिले आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षं राहिले. माझ्या बहिणीच्या शेजारी असं एक घर आहे. त्या वहिनी चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड वाळत घालतात. थंडीत कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, लाकडी बडगीत ठेचून आपल्यासारखं भरीत करतात, कळण्याची भाकरी थापतात. व्हिसाची मुदत आली की मात्र जुन्या कागदांची पिशवी घेऊन कचेरीच्या पायऱ्या. मागच्या वर्षी त्यांना नागरिकत्व मिळालं. मी पेढे घेऊन गेले आणि विचारलं, शपथ घेताना कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "कसली शपथ, मॅडम? सह्या घेतल्या, कागद दिला, पुढचा माणूस बोलावला."

शपथ होती. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ती छापलेली आहे. भारताच्या संविधानाशी खरी निष्ठा ठेवीन, देशाचे कायदे पाळीन, नागरिकाची कर्तव्यं पार पाडीन, अशा अर्थाची. वहिनींनी त्यावर सही केली होती. कुणी वाचून दाखवली नाही आणि म्हणूनही घेतली नाही. मला याचं फार वाईट वाटलं. ज्या दिवसाची त्यांच्या घरानं इतकी वर्षं वाट पाहिली, तो दिवस रेशन कार्डातलं नाव दुरुस्त करण्याइतक्या वेळात संपला.

कुणाला नागरिकत्व द्यावं यावर, विशेषतः २०१९ च्या दुरुस्तीवर, देशात वाद आहे आणि तो न्यायालयातही आहे. माझं पत्र त्याबद्दल नाही. ज्याला कायद्यानं मिळालं, त्याच्या हाती ते कसं द्यायचं, एवढंच मी म्हणते. मे २०२४ मध्ये दिल्लीत केंद्रीय गृहसचिवांनी १४ जणांना स्वतः प्रमाणपत्रं दिली, फोटोही छापून आले. मग जिल्ह्याच्या ठिकाणी का नको?

खर्च काही नाही. २५ जानेवारीला मतदार दिनाचा कार्यक्रम होतोच, मतदारांची प्रतिज्ञा होते, नव्या मतदारांना ओळखपत्रं देतात. त्याच मांडवात या चार-सहा कुटुंबांना पुढच्या खुर्च्या द्याव्यात. शपथ मराठी, हिंदी, सिंधी, ज्याला जी भाषा येते तीत म्हणू द्यावी. ज्यांना प्रमाणपत्र आधीच टेबलावरून मिळालं, त्यांनाही बोलवावं. मतदार नोंदणीचा नमुना ६ तिथेच ठेवावा आणि भरायला मदत करणारा माणूस बसवावा. वहिनींचं नाव अजून मतदार यादीत नाही, कारण त्यासाठी वेगळा अर्ज लागतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

जिल्हाधिकाऱ्यांनी हो म्हटलं तर नमुना ६ भरून घ्यायला मी येते. पन्नाशी-साठीच्या माणसांचे अर्ज न कंटाळता भरून देणाऱ्या आणखी दोघी-तिघी निवृत्त शिक्षिका फैजपूर-सावद्यातून माझ्याबरोबर यायला तयार आहेत. आपण हे पत्र छापून त्यांच्या कानावर घालावं, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
फैजपूर, ता. यावल, जि. जळगाव