बाबूस पत्र, मंजुरीपत्र आल्यावर

म्हार्दोळ,
रविवार, दुपारी

चि. बाबूस अनेक आशीर्वाद.

गुरुवारी तू संशोधनाच्या अनुदानाच्या मंजुरीपत्राचा फोटो पाठवलास आणि मी अभिनंदनाच्या आधी विचारलं, खातं कुणाच्या सहीने चालणार? "आई, तुला आनंद म्हणून कधी होतच नाही का?" असं म्हणून तू फोन ठेवलास. मी नंतर दोनदा लावला, उचलला नाहीस. आपण फोनवर कोंकणीत भांडतो आणि भांडण कोंकणीतच रंगतं. पण काही समजावून लिहायचं झालं की माझा हात मराठीकडे वळतो, शाळेत तेच गिरवलं. म्हणून हे पत्र.

आनंद झाला रे. फोन ठेवल्याबरोबर अण्णांना सांगितलं, शेजारच्या मामींना सांगितलं आणि संध्याकाळी महालसेला जायांची वेणी घेऊन गेले. फुलवालीने विचारलं काय विशेष, तर तिलाही सांगितलं. ३४ लाख, ३ वर्षं. ती म्हणाली, "मग आता घर बांधणार?" तिला काय सांगू, त्यातला एक रुपयासुद्धा आपला नाही म्हणून!

झालं. हा विषय आज काढायचा नाही असं ठरवून बसले होते.

तुझा प्रस्ताव मी चष्मा लावून सगळा वाचला. इंग्रजी अर्धं कळलं, बजेट पूर्ण कळलं. चौथ्या पानावर 'मानस' हा शब्द तसाच ठेवलायस, त्याचं इंग्रजी केलं नाहीस, ते वाचून जरा वेळ पुढे जाताच येईना. दिल्लीत बसून कुणीतरी तो शब्द वाचला असणार. कुंभारजुव्याच्या बांधातलं पाण्याचं दार, आमची मानस, माझ्या अप्पांची. भरती चढली की खाडीच्या पाण्याच्या दाबाने तिची दारं आपोआप मिटतात. ओहोटी लागली की खाजनातलं, बांधाआडच्या खाऱ्या शेतातलं, पाणीच ती ढकलून बाहेर पडतं. अप्पांना घड्याळ लागत नसे. अष्टमीला पाणी कमी, पुनवेला-अवसेला जास्त, एवढं पुरे. सकाळी बांधावर बसून बोट पाण्यात बुडवायचे, जिभेला लावायचे आणि म्हणायचे, आज मीठ चढलंय. पहिल्या पावसांनी जमिनीतलं मीठ धुऊन निघाल्याशिवाय कोरगुटसुद्धा पेरायला द्यायचे नाहीत, आणि ते तर खाऱ्याला दाद न देणारं भात. तू म्हणालास की खारट पाण्यातून वीज जास्त जाते, तीच तुझं यंत्र मोजतं. म्हणजे अप्पांची जीभच, ३४ लाखांची! रागावू नकोस. तुझा अभिमान वाटतो म्हणूनच हसू येतं.

एक राहिलंय मात्र. मानशीकडे जायचं कसं? पावसात बांधावरून चालवत नाही, होडी लागते. बजेटात प्रवासाच्या हेडमध्ये, म्हणजे त्या खर्चाच्या सदरात, परिषदेचं विमान आहे, होडी नाही. होडीवाला कुठल्या हेडमधून देणार आहेस? यंत्रसामग्रीचे पैसे प्रवासाला लागत नाहीत, प्रवासाचे मजुरीला लागत नाहीत. हेड बदलायचं तर देणाऱ्याची लेखी परवानगी आणावी लागते आणि ती येईपर्यंत पावसाळा संपतो. किरकोळ खर्चात बसतं का बघ. होडीवाल्याकडून पावती मात्र घे. त्याला लिहिता येत नसेल तर तूच लिही, त्याचा अंगठा घे, दोन माणसांच्या सह्या घे.

मी ३१ वर्षं टेक्निकल कॉलेजांच्या लेखा आणि भांडार विभागात काढली हे तुला माहीत आहे, पण मी तिथे काय करत होते ते तुला माहीत नाही. तू म्हणायचास, आई ऑफिसात कागदाला कागद टाचते. टाचत होते खरी. हे कागद टाचले जात नाहीत तोवर पुढचा हप्ता येत नाही. खर्चाचं विवरण आणि विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरल्या कामालाच लागले याचा दाखला. आमच्या वेळी त्या नमुन्याचा नंबर १९-अ होता, २०१७ च्या नव्या वित्तीय नियमांत तो १२-अ झाला. आर्थिक वर्ष संपल्यावर १२ महिन्यांच्या आत द्यायचं. पण तू १२ महिने थांबलास तर तुझा जेआरएफ, तुझ्या हाताखालचा संशोधक मुलगा, उपाशी मरेल. त्याचे महिन्याला ३७ हजार तुझ्याच हप्त्यातून जाणार ना? आमच्याकडे एक मुलगा होता, कर्नाटकातला. हप्ता अडकला म्हणून सात महिने त्याला छदाम मिळाला नाही. रोज अकरा वाजता माझ्या खिडकीशी येऊन उभा राहायचा. विचारायचा नाही काही, नुसता उभा. अडकायचं कारण काय, तर साहेबांनी प्रमाणपत्रात बँकेचं व्याज दाखवलं नव्हतं. अनुदानावरचं व्याज केंद्राच्या तिजोरीत परत भरायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी सांगितलं तर ऐकून घेतलं नाही. तू म्हणतोस, आता शून्य शिलकीचं खातं असतं, पैसे पडूनच राहत नाहीत, ३१ मार्चला खर्चाची मर्यादाच संपते. व्याजाची कटकट गेली, बरं झालं. पण मग ३१ मार्चची घाई वाढली की नाही?

त्या ३१ मार्चबद्दलच बोलायचं होतं मला गुरुवारी. ते सोडून खात्याचं विचारून बसले.

१९९८ चा मार्च. प्रयोगशाळा आधुनिकीकरणाच्या योजनेतून पैसे आले होते, १०० मेगाहर्ट्झचे चार ऑसिलोस्कोप मागवले होते. शेवटच्या दिवशी दोन खोके आले, बिल मात्र चारांचं. विभागप्रमुख माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, ट्रक अनमोडला घाटात अडकलाय, उद्या पोचेल, आज नोंद झाली नाही तर सगळे पैसे परत जातील, मुलांनी काय करायचं? माणूस वाईट नव्हता. मुलांसाठीच धडपडत होता. मी डेड स्टॉक रजिस्टर उघडलं आणि लिहिलं, चार नग सुस्थितीत मिळाले. पान ११२. बिलाच्या पाठीवर पान नंबराचा शिक्का मारला, सही केली. सव्वासहा वाजले होते, शेवटची बस चुकली म्हणून तिस्कापर्यंत चालत आले होते.

उरलेले दोन मे महिन्यात आले. खोके तसेच, आतला माल २० मेगाहर्ट्झचा. पुरवठादार फोन उचलेना. दोन वर्षांनी ऑडिट आलं. तरुण मुलगा होता, हातात रजिस्टर घेऊन सरळ प्रयोगशाळेत गेला आणि यंत्रांच्या तोंडावर छापलेले आकडे वाचत सुटला. साहेब तोवर निवृत्त झाले होते. सही माझी होती.

माझ्या पगारातून १८ महिने वसुली झाली. अण्णांना माहीत आहे. बायला माहीत नाही, तिला सांगू नकोस.

आठवीत तुझी म्हैसूरची सहल हुकली ती यामुळे, बाबू. गणितात कमी मार्क पडले म्हणून नाही पाठवत, असं मी सांगितलं होतं. तू दोन दिवस जेवला नाहीस. गणितात तुला ७८ होते. मी खोटं बोलले. इतकी वर्षं सांगेन सांगेन म्हणत राहिले आणि दर वेळी वाटायचं, आता कशाला. तू प्राध्यापक झालास, पीएचडी झालास, तरी ते ७८ माझ्या डोक्यात आहेतच.

तर माझं म्हणणं एवढंच, माल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय, चालवून पाहिल्याशिवाय सही करू नकोस. "आता सगळं ऑनलाइन आहे," असं तू म्हणशील. निवृत्तीआधी मीही जेमवर, सरकारच्या त्या ऑनलाइन बाजारात, खरेदी केलीय. तिथे पावती वेगळी आणि माल स्वीकारल्याचं प्रमाणपत्र वेगळं. पहिलं म्हणजे खोका दारात आला. दुसरं म्हणजे उघडला, तपासला, मागितलं तेच निघालं. मधे दिवस दिलेत ते याच्यासाठी. आणि लोक काय करतात? दोन्ही बटणं एकाच बैठकीत दाबतात, तीही ३१ तारखेला. खरेदीची मर्यादाही आता वाढवलीय म्हणे. माझ्या शेवटच्या वर्षांत २५ हजारांच्या वर गेलं की तीन जणांची स्थानिक खरेदी समिती बसवावी लागे, बाजारभाव बघून दाखला लिहावा लागे. मर्यादा वाढली म्हणजे समितीत बसणारी माणसं कमी झाली. मोकळीक छान आहे. पण मग सही एकट्याची.

भाषण झालं ना? अण्णा खुर्चीतून म्हणतायत, त्याला पत्र लिहितेस की मेमो. खोडत नाही, राहू दे. चुकलं माझं.

काळजी खरं तर दुसरीच आहे. तुझी यंत्रं मानशीवर उघड्यावर राहणार. खारा वारा लोखंड खातो तसा तारेलाही खातो. सौर पाटी कुणी काढून नेली तर? मानशीचा लिलाव घेतलेला मासे धरणारा वैतागला तर? नदीत मगरी आहेत, पण मगरींपेक्षा मला माणसांचं भय. अनुदानातून घेतलेली वस्तू देणाऱ्याला विचारल्याशिवाय विकता येत नाही, टाकताही येत नाही. हरवली तर लिहायची कुठे, कशी, पोलिसात कधी द्यायचं, हे आधीच विचारून ठेव. गावकारीची परवानगीही लेखी घे. कुंभारजुव्याला मामा आहेत, त्यांना बरोबर ने. तुझा जेआरएफ परगावचा असला तर तो बांधावर एकटा गेलेला मला आवडणार नाही. भरतीचं पाणी पाठीमागून येतं. अप्पा सांगायचे आणि मी ऐकायचे नाही. एकदा गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहिले होते तासभर, हातात कोळंबीची पाटी. पाटी सोडली नाही! ते तुला कधी सांगितलं का मी?

पुढच्या रविवारी ये. सूनबाईंना सुट्टी असली तर दोघं या. सोलं वाळवून ठेवलीत, खतखतं करीन. खात्याचं नाही काढणार.

आणि येशील तेव्हा तिस्कावरून रजिस्टर आणायला जाऊ नकोस, मी आणलंय. २०० पानी, कापडी पुठ्ठ्याचं. पानांवर नंबर घातलेत, पहिल्या पानावर रकाने आखून ठेवलेत: तारीख, बिल नंबर, वस्तू, नग, कुणी तपासलं, सही. सहीचा रकाना जरा रुंद ठेवलाय. तुझी सही लांब आहे.

तुझी,
आई

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी आठवलं. खातं कुणाच्या सहीने चालणार, ते सांगितलंच नाहीस.