कहाण्यांतले धुरंधर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यंदा दिव्यांच्या अवसेला (हल्ली 'गटारी' म्हटल्याशिवाय कुणाला कळत नाही, म्हणून हा खुलासा) परदेशातल्या नातीला व्हिडिओ कॉलवर कहाणी वाचून दाखवत होते. राजाच्या सुनेनं घरातला पदार्थ गुपचूप खाल्ला आणि आळ घातला उंदरांवर. उंदरांनी सूड म्हणून तिची चोळी पाहुण्याच्या अंथरुणात नेऊन टाकली. सून घराबाहेर! पुढे अवसेच्या रात्री झाडावर बसून गप्पा मारणारे गावातले दिवे आले, तशी नात म्हणाली, "आजी, चित्र दाखव ना." माझ्या हातात नेहमीचा कहाणीसंग्रह. पिवळट कागद, बारीक टाइप, चित्र एकही नाही.

मग मुलीनं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर (जुनी पुस्तकं फुकट वाचायला देणाऱ्या संकेतस्थळावर) शोधाशोध केली आणि 'डेक्कन नर्सरी टेल्स' हाती लागलं. १९१४ साली लंडनच्या मॅकमिलननं काढलेलं. लेखक सी. ए. किंकेड, मुंबई इलाख्यातले आयसीएस, म्हणजे ब्रिटिश अमलातले सनदी अधिकारी. इतिहाससंशोधक पारसनीसांबरोबर मराठ्यांचा इतिहास लिहिणारे तेच. अनुक्रमणिका वाचून हसूच आलं. 'संडे स्टोरी', 'मंडे स्टोरी'... म्हणजे आपल्या आदितवारच्या, सोमवारच्या कहाण्या! पण पानावर खिळवलं ते चित्रकाराच्या नावानं. एम. व्ही. धुरंधर.

धुरंधर विस्मृतीत गेले असं मी म्हणणार नाही. कोल्हापूरचा हा मुलगा १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकायला आला, तिथेच मास्तर झाला आणि पुढे संस्थेच्या संचालकपदापर्यंत पोचला. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांचं आत्मचरित्र जाणकारांना ठाऊक आहे. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शनही झालं. पण आपल्याला आठवतात ती त्यांची तैलचित्रं, फार तर पोस्टकार्डं. एडवर्ड्स यांच्या मुंबईवरच्या आणि रॉथफेल्ड यांच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकांतली चित्रं संग्राहक जपतात. मुलांच्या पुस्तकातले धुरंधर मात्र चाळीस वर्षं मराठी शिकवूनही मला माहीत नव्हते.

गंमत बघा. आमच्या आजीनं मुठीत तांदूळ धरून ऐकवलेल्या कहाण्या, चित्रकार कोल्हापूरचा, आणि ती रंगीत चित्रं बघायला मिळाली इंग्रज पोरांना. आमच्या वाट्याला 'साठा उत्तरांची कहाणी' आली ती बिनचित्रांची. किंकेडनी कथा मनापासून सांगितली आहे, यात वाद नाही. पण मूळ कहाणीतली सून रोज दिवे घासते, तेलवात करते, 'खडीसाखरेनं ज्योती सारते', ही लय त्यांच्या इंग्रजीत कुठून येणार?

म्हणून एक विनंती. धुरंधर १९४४ मध्ये वारले. आपल्या कायद्याप्रमाणे मृत्यूनंतरची साठ वर्षं केव्हाच उलटली, तेव्हा हक्कांची अडचण नाही. एखाद्या मराठी प्रकाशकानं मूळ कहाण्या आणि ही चित्रं एकत्र छापावीत. कागद बरा वापरावा आणि अक्षर मोठं ठेवावं, आज्यांनाही वाचायचं असतं. चित्रं मात्र संगणकावरच्या स्कॅनवरून नकोत. कुठल्या तरी जुन्या ग्रंथालयात मूळ प्रत असेल, तिच्यावरून घ्यावीत. पुढच्या श्रावणाला अजून वेळ आहे.

नातीला सध्या मी चित्रं टॅबवर दाखवते आणि वाचते पोथीतून. परवा तिनं विचारलं, खडीसाखर म्हणजे काय? कुरियरनं पाव किलो पाठवली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे