तिसऱ्या लीगमधला लेफ्ट बॅक

चि. ऋतुराज यास,
अनेक आशीर्वाद.

थायलंडच्या तिसऱ्या लीगमध्ये ट्रायल मिळवून देतो म्हणणाऱ्या तुझ्या त्या एजंटने पाठवलेला फोटो नीट बघितलास का? हिरवंगार मैदान, फ्लडलाइट, माणसांनी भरलेली निळी गॅलरी. अरे, ते इथल्या बुरीराम गावचं चांग अरीना स्टेडियम आहे. पहिल्या लीगमधल्या बुरीराम युनायटेडचं घर. 2019 च्या किंग्ज कपमध्ये भारताने थायलंडला 1-0 हरवलं, अनिरुद्ध थापाने गोल केला, ती मॅच तिथेच झाली होती आणि ती बघायला तू क्लास बुडवला होतास. तू तरी ओळखायला हवं होतंस. ट्रायल तिसऱ्या लीगची आणि फोटो पहिल्या लीगचा, इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. वर दीड लाख रुपये मागतोय. पप्पांना मी अजून काही सांगितलेलं नाही.

फोनवर तू "आई, तुला फुटबॉलमधलं काय कळतंय" म्हणून विषय संपवतोस, म्हणून लिहून पाठवते. कोल्हापुरात असताना मी शाहू स्टेडियमच्या गॅलरीत पाऊल टाकलं नाही, हे खरं. आपल्याकडे पुरुषांनी मॅचला जायचं, आवाज बसवून घरी यायचं आणि बायकांनी हळद-दूध करायचं. बायका आता जायला लागल्यात असं ऐकते, बरं वाटतं. पण पप्पांची बदली इथे थायलंडला झाल्यापासून शनिवार-रविवारी दुपारी करायचं काय, हा प्रश्न होता. आमच्या प्रांताचा संघ तिसऱ्या लीगच्या पश्चिम गटात खेळतो आणि मैदान घरापासून चालत जाण्यासारखं आहे. एक अख्खा सीझन मी बघितलाय, घरच्या मैदानावरचा तरी. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर रात्रीत शोधून त्यांना इन्स्टाग्रामवर मेसेज टाकशील, तुला मी ओळखते.

आधी ही लीग कशी चालते ते समजून घे, एजंट सांगणार नाही. पहिल्या लीगमध्ये 16 संघ, दुसरीत 18. त्याखाली तिसरी लीग, पण ती एक लीग नव्हेच, सहा आहेत, देशाच्या भागांप्रमाणे. पूर्वी चौथी लीगही होती, ती 2020-21 च्या सीझनपासून तिसरीत मिसळून टाकली. गट पाडले ते प्रवासाचा खर्च परवडावा म्हणून. दक्षिणेच्या टोकाचा संघ दर पंधरवड्याला उत्तरेत चिआंगमाईकडे जायला लागला तर तिकीटविक्रीचे पैसे डिझेललाच पुरायचे नाहीत. प्रत्येक गटातले पहिले दोन संघ पुढे जातात, म्हणजे 12. त्यांचे पुन्हा दोन गट, पुन्हा साखळी सामने, आणि शेवटी दुसऱ्या लीगमध्ये चढतात फक्त तीन. सगळा सीझन गटात पहिला आलेला संघसुद्धा नंतरच्या थोड्या सामन्यांत घसरला की आहे तिथेच राहतो. आमचा संघ त्या बारात आला नाही, सांगून टाकते. मधल्या घोळक्यात राहिला. वर जायची आशा जानेवारीतच संपली होती आणि खाली जायची भीतीही नव्हती. उरलेल्या मॅच लोक बघायला येत होते ते सवयीने.

सीझन सुरू होतो पावसात. पूर्वी इथली लीग फेब्रुवारी-मार्चला सुरू होऊन ऑक्टोबरात संपायची. 2020 मध्ये कोविडने मार्चमध्ये थांबली, सप्टेंबरात पुन्हा सुरू झाली आणि तेव्हापासून युरोपसारखं वेळापत्रक झालं. कागदावर छान दिसतं. पण सप्टेंबर म्हणजे इथला ऐन पावसाळा. गोलपोस्टपुढे घोट्याएवढं पाणी साचतं, पंच चेंडू टाकून बघतो तो उसळतो का म्हणून, आणि सगळे छताखाली उभे राहून आभाळाकडे बघत बसतात. एकदा ग्राउंडस्टाफबरोबर राखीव खेळाडूसुद्धा स्पंज घेऊन पाणी टिपत होते. नोव्हेंबरपासून हवा जरा बरी असते. मार्च-एप्रिलला दुपारी चारची मॅच म्हणजे आपल्या मे महिन्यातली दुपार, आणि वर दमटपणा. मध्येच पंच पाणी प्यायला खेळ थांबवतो.

मैदान सरकारी. भोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे खेळाडू लांब दिसतात. छत एकाच बाजूच्या गॅलरीला. तिथे ढोल-ताशे घेऊन पंचवीस-तीस पोरं असतात, ती पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत थांबत नाहीत. त्या उकाड्यात गळ्यात लोकरीचे स्कार्फ! बाहेर कोळशावर भाजलेले मीटबॉल काडीला टोचून देतात, पपईचं सॅलड कुटत असतात, चिकट भात पिशवीतून मिळतो. भांडण मी बघितलं नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम अशी मॅच बघितलेल्या माणसाला हे प्रेक्षक म्हणजे सप्ताहाला आलेले वारकरी वाटतील. मॅच संपली की दोन्ही संघ गॅलरीपुढे रांगेत उभे राहतात आणि हात जोडून, वाकून नमस्कार करतात. हरलेलेसुद्धा. मला ते फार आवडतं. आपल्या तालमींच्या फुटबॉल संघांनी हे उचलायला हरकत नाही.

आता पैशाचं. आमच्या कोपऱ्यावर नूडल्सची गाडी लावणाऱ्या मावशी आहेत, त्यांचा मुलगा शेजारच्या प्रांताच्या संघात मिडफील्डला खेळतो. तुझ्यापेक्षा थोडा मोठा. त्यांच्या-माझ्या बोलण्यात निम्मं थाई, निम्मे हातवारे, पण मुलांच्या विषयात आयांचं अडत नाही. इथे सीझनचे दोन लेग, म्हणजे दोन टप्पे. पहिला संपला की खेळाडू बदलायची मुदत, तिला खिडकी म्हणतात, ती उघडते आणि संघ निम्मे खेळाडू बदलतात. त्यामुळे त्याचा करार कधी सीझनभराचा, कधी फक्त एका लेगचा. डिसेंबरात त्याला कळलं की दुसऱ्या लेगला त्याला ठेवत नाहीत. प्रशिक्षक बदलला, नव्याने आपली माणसं आणली. नाताळच्या आठवड्यात पोरगा बॅग घेऊन घरी, नूडल्सच्या गाडीवर भांडी घासायला. जानेवारीत दुसरा संघ मिळाला. पगार, त्या सांगतात, कारखान्यातल्या कामगाराएवढा, आणि तोही दोनदा लांबला. तक्रार कोणाकडे करायची? अध्यक्ष स्थानिक पुढारी, निवडणूक तोंडावर. संघावर खर्च करायचा की प्रचारावर, हे त्या वर्षी ठरून गेलेलं होतं. यात तुला नवल वाटायचं कारण नाही, आपल्या पेठांमध्ये जर्सीवर कोणाचे फोटो असतात ते तुला माहीत आहे.

पगार लांबला की दुसरे लोक पैसे घेऊन येतात, हेही डोक्यात ठेव. 2017 मध्ये मॅचफिक्सिंगच्या प्रकरणात इथल्या पोलिसांनी खेळाडूंना आणि पंचांना पकडलं, तेही पहिल्या लीगमधल्या सामन्यांसाठी. जिथे टीव्हीचे कॅमेरे असतात तिथे हे झालं. मावशींच्या मुलाला कोणी विचारलं होतं का, ते मी त्यांना विचारलं नाही.

आता मुख्य गोष्ट. तू लेफ्ट बॅक आहेस, डाव्या बाजूचा बचावपटू. चांगला आहेस, माझा मुलगा म्हणून म्हणत नाही, बालगोपाल तालमीचे कोच काय म्हणाले ते पप्पांनी मला सांगितलंय. पण इथे तू परदेशी ठरतोस. परदेशी खेळाडूंच्या जागा प्रत्येक संघाला ठरावीक, मोजक्याच. वरच्या लीगमध्ये आग्नेय आशियातल्या देशांसाठी वेगळ्या जागा असतात, पण भारत त्यात बसत नाही. तेव्हा तुझी स्पर्धा होणार ती ब्राझीलच्या स्ट्रायकरशी, आफ्रिकेतल्या सहा फुटी सेंटर बॅकशी. अध्यक्षाला परदेशी जागेवर गोल हवा असतो. सीझनभर मी पाहिलं: आमच्या संघाचे परदेशी म्हणजे दोन स्ट्रायकर आणि एक सेंटर बॅक, आणि पाहुण्या संघांचंही थोड्याफार फरकाने तेच. लेफ्ट बॅक सगळीकडे थाई. बहुतेक त्याच जिल्ह्यातले, क्रीडा शाळेतून आलेले. तू आपल्याकडचंच आठव. पेठांच्या संघांनी नायजेरियन आणले तेव्हा कोणत्या जागेवर आणले? लेफ्ट बॅक आणायला कोणी आफ्रिकेत फोन केला होता का? मग लेफ्ट बॅकसाठी थायलंडचा संघ कोल्हापुरात फोन करेल, असं तुला का वाटतं?

इथला लेफ्ट बॅक पाय वर टाकून बसलेला असतो असं समजू नकोस. आमचा तो पोरगा उन्हात नव्वद मिनिटं वर-खाली धावतो, तुझ्यासारखाच डाव्या पायाचा, कडेने गोलपुढे चेंडू टाकतो तो क्रॉस तुझ्यापेक्षा खराब. खरं सांगते, क्रॉस खराबच. पण मैदानाशेजारच्या गल्लीत राहतो, मोटारसायकलवर येतो, संघाला त्याचं घरभाडं नाही, विमानाचं तिकीट नाही, वर्क परमिट नाही. क्रॉस चांगला असल्याचे पैसे या लीगमध्ये कोणी जास्तीचे देत नाही.

हे वाचून तू म्हणशील, आईला सगळं काळंच दिसतं. तसं नाही. या देशातली एक गोष्ट मला मनापासून पटली आणि तिचा हेवाही वाटतो. इथे शिडी खरी आहे. बँकॉक ग्लास हा काचेच्या कारखान्याचा संघ. 2018 मध्ये पहिली लीग 18 वरून 16 संघांची करायची होती म्हणून एकदम पाच संघ खाली ढकलले, त्यात हा गेला. पुढच्या वर्षी बीजी पाथुम युनायटेड हे नाव घेतलं, दुसरी लीग जिंकली आणि 2020-21 मध्ये थेट देशाचा विजेता. चोनबुरी, 2007 चा विजेता, समुद्राकाठचा, मोठ्या नावाचा संघ, तोही 2023-24 मध्ये दुसऱ्या लीगमध्ये घसरला. कोणी नियम वाकवून त्याला वाचवलं नाही. वर्षभर दुसऱ्या लीगमध्ये खेळला, ती जिंकली आणि परत आला. बुरीरामची मात्र वेगळी तऱ्हा. वीज मंडळाचा अयुथयातला विजेता संघ 2009 च्या शेवटी नेविन चिदचोब या पुढाऱ्याने घेतला आणि उचलून आपल्या गावी नेला. तिथे शिडीबिडी काही नव्हती, ट्रक होता. अयुथयाच्या लोकांना तेव्हा काय वाटलं असेल?

आपल्याकडे आयएसएलचं, म्हणजे सगळ्यात वरच्या इंडियन सुपर लीगचं, दार कितीतरी वर्षं खालून उघडतच नव्हतं. तिच्याखालची आय-लीग जिंकून वर गेलेला पहिला संघ पंजाबचा, 2023 मध्ये. मग पुढच्या वर्षी मोहम्मडन. खाली आय-लीग 2 होती, आणि 2023 मध्ये आय-लीग 3 सुरू झाली. म्हणजे शिडी आता लागते आहे, डुगडुगती का होईना. तिथे तू परदेशी नाहीस. तिथे लेफ्ट बॅकच्या जागेसाठी तुला ब्राझीलच्या माणसाशी भांडावं लागत नाही. अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील वर्ल्डकपला गेला तो कोल्हापूरचाच, आणि त्याला तिकडे कोणी दीड लाख घेऊन पाठवलं नव्हतं.

खेळू नकोस असं मी म्हणत नाहीये. पप्पा म्हणतील कदाचित, त्यांचं मी बघते. पण एजंटला एक रुपया पाठवायच्या आधी त्याला लिहून विचार, फोनवर नको: संघ कोणता, गट कोणता; त्या संघात या खिडकीत परदेशी खेळाडूची जागा रिकामी आहे का; संघाच्या लेटरहेडवर ट्रायलचं पत्र मिळेल का; निवड झाली तर वर्क परमिट कोण काढणार; आणि करार सीझनचा की एका लेगचा. फिरायला म्हणून इथे येणं सोपं झालंय, त्यामुळे पोरं पर्यटक म्हणून येतात, महिनाभर सरावाला उभी राहतात, खोलीचं भाडं स्वतः भरतात आणि परत जातात. पर्यटकाला पगारावर खेळता येत नाही, हे त्यांना इथे आल्यावर कळतं. अशी दोन मुलं मी आमच्या मैदानावर बघितली. आपल्याकडची नव्हती, पण वय तुझंच. सरावानंतर त्यातला एक मैदानावर मांडलेले प्लास्टिकचे कोन गोळा करत होता. प्रशिक्षक त्याला नावानेही हाक मारत नव्हता.

यायचंच असेल तर तुझी लीग संपल्यावर सुट्टीत ये, माझ्याकडे, ट्रायलला नाही. इथला सीझन तेव्हा संपत आलेला असेल, तरी एखादी मॅच मिळेल. मावशींच्या मुलाशी बस, इंग्रजी त्याला थोडं येतं. लेफ्ट बॅकचे क्रॉस स्वतः बघ आणि मग मला सांग मी खोटं बोलले का. तिकीट मी काढते.

मंगळवारी सामना आहे ना तुमचा? गुडघ्याला पट्टी बांध. आणि एजंटचं उत्तर आलं की मला जसंच्या तसं फॉरवर्ड कर, स्वतः वाचून "ठीक आहे" म्हणू नकोस.

तुझी,
आई